बायोॲक्टिव्ह काचेची अणुरचना कशी अभ्यासावी : नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

सिलिका, सोडा, चुना आणि थोडं फॉस्फेट एकत्र वितळवलं की एक काच तयार होते. १९६९ साली फ्लोरिडा विद्यापीठात लॅरी हेंच यांच्या गटाने अशी काच उंदरांच्या मांडीच्या हाडात बसवली, आणि काही आठवड्यांनी ती हाडातून निघेना. हीच ४५एस५, हाडाशी जुळणारी म्हणजे बायोॲक्टिव्ह काच. पुढे अमेरिकेत १९८५मध्ये मधल्या कानातल्या हाडांच्या जागी आणि १९९३मध्ये हिरड्यांच्या आजारात झिजलेलं जबड्याचं हाड भरून काढायला तिच्यापासून केलेली उत्पादनं वापरात आली. आज संवेदनशील दातांसाठीच्या काही टूथपेस्टमध्येही तिचीच बारीक पूड असते.

खिडकीच्या काचेतही सिलिका, सोडा आणि चुनाच असतो, पण ती हाडाला चिकटत नाही. फरक आहे तो अणूंच्या मांडणीत, आणि हा लेख ती मांडणी तपासायची कशी याबद्दल आहे. पदार्थविज्ञान, रसायनशास्त्र किंवा दंतवैद्यकाकडून या विषयात नव्याने येणाऱ्यांना डोळ्यांसमोर ठेवून तो लिहिला आहे. बहुतेक जण थेट यंत्राकडे धावतात. माझा आग्रह असा की आधी कागद-पेन्सिल घ्या. या विषयात हाताने केलेला एक छोटा हिशेब पुढच्या सगळ्या मोजमापांना अर्थ देतो.

पायरी १ : रचनेचं चित्र मनात पक्कं करा

सिलिकेट काचेचं मूळ एकक म्हणजे चतुष्फलक : मधोमध सिलिकॉन, चार कोपऱ्यांवर ऑक्सिजन. सिलिकॉन आणि ऑक्सिजनमधलं अंतर सुमारे १.६ अँग्स्ट्रॉम असतं आणि ते काचेत फारसं बदलत नाही. काचेत शिस्त नसते असं आपण सहज म्हणतो, पण शेजारच्या अणूपुरती ती स्फटिकाइतकीच कडक असते. विस्कळीतपणा सुरू होतो तो एक चतुष्फलक दुसऱ्याला जोडला जातो तिथे. झकारियासन यांनी १९३२ साली मांडलेलं विस्कळीत जाळ्याचं चित्र आजही सुरुवातीला पुरेसं आहे.

दोन चतुष्फलकांनी वाटून घेतलेल्या ऑक्सिजनला ब्रिजिंग ऑक्सिजन म्हणतात. सोडियम किंवा कॅल्शियम आत शिरले की यातले काही दुवे तुटतात. तुटलेल्या टोकाला ऋणभार असलेला नॉन-ब्रिजिंग ऑक्सिजन उरतो आणि तो भार सांभाळायला सोडियम-कॅल्शियमचे आयन त्याच्या शेजारी बसतात. एका सिलिकॉनभोवती किती दुवे शाबूत आहेत त्यावरून त्याला क्यू० ते क्यू४ अशी नावं आहेत. शुद्ध सिलिका सगळी क्यू४ असते आणि शरीरात जवळजवळ विरघळत नाही. खिडकीच्या काचेत क्यू३ आणि क्यू४ भरपूर असतात. ४५एस५मध्ये मात्र क्यू२चं राज्य आहे, म्हणजे जाळ्यापेक्षा लांब साखळ्याच जास्त, आणि अधूनमधून क्यू३ने जोडलेल्या. पाणी अशा रचनेत सहज शिरतं.

फॉस्फरसबद्दल नवखे हमखास चुकतात. तो जाळं बांधणारा घटक आहे असं पुस्तकात वाचलेलं असतं, म्हणून तो सिलिकॉनच्या साखळीत बसला असेल असं धरून चालतात. या काचांमध्ये तो बहुतांशी साखळीबाहेर, सुट्या ऑर्थोफॉस्फेटच्या (एक फॉस्फरस, भोवती चार ऑक्सिजन) रूपात असतो. काही संगणकीय प्रारूपांत सिलिकॉन-ऑक्सिजन-फॉस्फरस असे थोडे दुवे दिसतात, पण एनएमआरचा (अणुकेंद्रांचा चुंबकीय संकेत मोजणाऱ्या तंत्राचा) कौल सुट्या फॉस्फेटच्या बाजूने आहे. हा मुद्दा बारीक वाटेल, पण पुढचा हिशेब त्याच्यावरच उभा आहे.

पायरी २ : नेटवर्क कनेक्टिव्हिटी हाताने काढा

नेटवर्क कनेक्टिव्हिटी म्हणजे एका सिलिकॉनमागे सरासरी किती दुवे शाबूत आहेत तो आकडा. ४५एस५ची कृती वजनाच्या टक्क्यांत दिलेली असते : सिलिका ४५, सोडियम ऑक्साइड २४.५, कॅल्शियम ऑक्साइड २४.५, फॉस्फरस पेंटॉक्साइड ६. अणूंना वजनाशी देणंघेणं नसतं, म्हणून आधी मोल टक्के काढा. प्रत्येक वजनाला त्या-त्या रेणुभाराने भागलं आणि बेरीज १०० वर आणली की मिळतं : सिलिका ४६.१, सोडियम ऑक्साइड २४.४, कॅल्शियम ऑक्साइड २६.९, फॉस्फरस पेंटॉक्साइड २.६.

आता जाळं तोडणारे घटक मोजा. सोडियम आणि कॅल्शियम ऑक्साइड मिळून ५१.३. यातला काही वाटा फॉस्फेट स्वतःकडे ओढतं. एका ऑर्थोफॉस्फेटवर तीन ऋणभार असतात, एका फॉस्फरस पेंटॉक्साइडपासून असे दोन फॉस्फेट होतात आणि एक मोल ऑक्साइड दोन भार सांभाळतं, म्हणून फॉस्फरस पेंटॉक्साइडच्या प्रत्येक मोलमागे तीन मोल ऑक्साइड खर्ची पडतात : २.६ गुणिले ३ म्हणजे ७.८. सिलिकाचं जाळं तोडायला उरले ४३.५. प्रत्येक मोल दोन नॉन-ब्रिजिंग ऑक्सिजन तयार करतो, म्हणजे एकूण ८७. त्यांना ४६.१ सिलिकॉनमध्ये वाटलं तर प्रत्येकाच्या वाट्याला १.८९ येतात. चारातून ते वजा करा : २.११. ही या काचेची नेटवर्क कनेक्टिव्हिटी.

हाच हिशेब फॉस्फरस साखळीत आहे असं धरून केला तर उत्तर १.९० येतं. फरक किरकोळ नाही. २च्या खाली म्हणजे साखळ्या तुटून आखूड झालेल्या, २च्या वर म्हणजे साखळ्या एकमेकींना जोडू लागलेल्या. त्यामुळे कुठलाही शोधनिबंध वाचताना लेखकाने कोणतं गृहीत धरलंय हे आधी पाहा, नाहीतर दोन निबंधांतले आकडे शेजारी ठेवून चुकीचा निष्कर्ष निघेल.

सरावासाठी दुसरी काच घ्या : हाडांच्या संसर्गावरच्या शस्त्रक्रियांत वापरली जाणारी एस५३पी४. वजनाने सिलिका ५३, सोडियम ऑक्साइड २३, कॅल्शियम ऑक्साइड २०, फॉस्फरस पेंटॉक्साइड ४. उत्तर २.५४च्या आसपास आलं तर तुमची पद्धत बरोबर आहे. ही काच ४५एस५पेक्षा सावकाश विरघळते आणि हा आकडा त्याच दिशेने बोट दाखवतो. वितळवून केलेल्या काचेत सिलिका वजनाने ६० टक्क्यांच्या वर गेली की हाडाशी जुळण्याचा गुण साधारणपणे संपतो. त्याचं कारणही या हिशेबात दिसतं : जाळं फार घट्ट होतं.

सोल-जेल पद्धतीच्या (न वितळवता द्रावणातून जेल करून बनवलेल्या) काचांना मात्र हे गणित जसंच्या तसं लावू नका. ५८एस या काचेचं उत्तर ३.२ येतं, तरीही ती सक्रिय असते, कारण तिच्यात नॅनोमीटर आकाराची छिद्रं असतात आणि जाळ्यात हायड्रॉक्सिल गट उरलेले असतात. हायड्रोजनही दुवे तोडतो आणि तो कृतीच्या यादीत लिहिलेला नसतो. सुरुवात वितळवलेल्या काचेपासूनच करा.

पायरी ३ : नमुना असा बनवा की नंतर शंका उरणार नाही

१०० ग्रॅम ४५एस५साठी २४.५ ग्रॅम सोडियम ऑक्साइड हवं. ते कार्बोनेटच्या रूपात घ्यायचं, म्हणजे ४१.९ ग्रॅम सोडियम कार्बोनेट. कार्बन डायऑक्साइड भट्टीत उडून जातो. चुन्यासाठी कॅल्शियम कार्बोनेट. फॉस्फरस पेंटॉक्साइड हवेतलं पाणी झपाट्याने ओढतं, त्यामुळे कॅल्शियम फॉस्फेट वापरणं सोयीचं पडतं. मात्र त्यातलं कॅल्शियम कार्बोनेटच्या वजनातून वजा करायला विसरू नका.

प्लॅटिनमच्या मुशीत १३५० ते १४०० अंश सेल्सिअसला वितळवा. ॲल्युमिनाची मूस स्वस्त पडते, पण तिच्यातलं ॲल्युमिनियम काचेत उतरतं, आणि थोडंसं ॲल्युमिनियमही या काचांचा हाडाशी जुळण्याचा गुण मारतं. वितळ पाण्यात ओतली की काचेचे दाणे होतात आणि दळायला सोपे जातात. माझा कल मात्र रचनेच्या अभ्यासासाठी ती थंड धातूच्या पाटावर ओतण्याकडे आहे, कारण पाण्याशी गाठ पडताच या काचेचा पृष्ठभाग बदलायला लागतो.

तयार काचेचं रासायनिक विश्लेषण एक्सआरएफने (क्ष-किरणांनी मूलद्रव्यं मोजणाऱ्या तंत्राने) करून घ्या. उच्च तापमानाला सोडियम आणि फॉस्फरस थोडेफार उडतात. पायरी २चा हिशेब या मोजलेल्या आकड्यांनी पुन्हा करा, इथून पुढे तोच वापरायचा. पूड डेसिकेटरमध्ये ठेवा आणि दळल्याची तारीख बाटलीवर लिहा. बारीक पूड हवेतलं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड शोषते, आणि जुन्या पुडीत दिसणारा कार्बोनेट हा काचेचा गुण समजला जाण्याचा धोका असतो.

पायरी ४ : ती खरंच काच आहे ना, हे पाहा

साधं एक्सआरडी, म्हणजे क्ष-किरण विवर्तन, इथे पुरेसं आहे. तांब्याच्या क्ष-किरणांनी ३० अंशांच्या आसपास एक रुंद फुगवटा दिसला आणि टोकदार शिखरं नसली तर काच स्फटिकरहित आहे. ३३ ते ३५ अंशांदरम्यान शिखरं डोकावली तर सोडियम-कॅल्शियम सिलिकेटचे स्फटिक तयार झालेत. ४५एस५ याबाबतीत हळवी आहे. तिचं काचसंक्रमण तापमान ५४० अंशांच्या आसपास असतं आणि त्यावर फार न तापवताच स्फटिकीभवन सुरू होतं. पूड भाजून सच्छिद्र ठोकळे करायला कठीण जातं ते म्हणूनच.

पायरी ५ : एनएमआर, अभ्यासाचा कणा

एकच तंत्र निवडायचं झालं तर मी घन-अवस्थेतलं, नमुना वेगाने फिरवून केलेलं एनएमआर निवडेन. प्रत्येक मूलद्रव्याला वेगळं गाठून त्याच्या शेजाऱ्यांबद्दल विचारता येतं, ही सोय दुसरीकडे इतकी मिळत नाही.

फॉस्फरसपासून सुरुवात करा. फॉस्फरस-३१ हा त्याचा एकमेव नैसर्गिक समस्थानिक आहे, त्यामुळे संकेत लवकर आणि स्वच्छ मिळतो. ४५एस५मध्ये ८ ते ९ पीपीएमच्या (संकेताची जागा सांगणारं एकक) आसपास एक रुंद शिखर दिसतं. ही जागा ऑर्थोफॉस्फेटची. कॅल्शियमचं ऑर्थोफॉस्फेट याहून कमी पीपीएमला आणि सोडियमचं याहून जास्त पीपीएमला दिसतं. म्हणजे आपल्या फॉस्फेटभोवती दोन्ही आयन मिसळून बसलेले आहेत, हे एका नजरेत कळलं. शिखराला कमी पीपीएमच्या बाजूला खांदा असेल तर काही फॉस्फरस एका दुव्याने कशाला तरी जोडलेला आहे, आणि तिथे नीट थांबून पाहायला हवं.

सिलिकॉनला वेळ लागतो. एनएमआरला दिसणारा सिलिकॉन-२९ निसर्गात केवळ ४.७ टक्के असतो आणि एकदा उद्दीपित झाला की मूळ स्थितीला यायला बराच वेळ घेतो. दोन मोजण्यांमध्ये पुरेसं थांबलं नाही तर सावकाश सावरणाऱ्या गटाचा संकेत दबतो आणि क्यू२-क्यू३चं प्रमाण चुकीचं येतं. यंत्राचा वेळ मोजून मिळतो म्हणून थांबण्याचा काळ छाटण्याचा मोह होतो, तो टाळा. काही गट काचेत ०.१ टक्क्याच्या आसपास मँगनीज किंवा लोह ऑक्साइड मुद्दाम घालतात, त्याने सावरण्याचा वेळ घटतो. तसं केलं असेल तर निबंधात ते स्पष्ट लिहा.

क्यू२चं शिखर उणे ८० पीपीएमच्या आसपास, क्यू३चं उणे ९०च्या थोडं अलीकडे येतं, आणि दोन्ही एकमेकांत मिसळतात. सॉफ्टवेअर त्यांना हवं तसं वेगळं करून देईल. ते वेगळं करणं खरं की खोटं, हे पायरी २चा आकडा सांगतो. कनेक्टिव्हिटी २.११ असेल आणि फक्त क्यू२ व क्यू३ असतील, तर क्यू३ ११ टक्के आणि क्यू२ ८९ टक्के यायला हवं. समजा तुमच्या जुळणीत क्यू३ २० टक्के आलं. सरासरी झाली २.२०. मग तीन शक्यता तपासा : भट्टीत सोडियम उडालं, मोजण्यांमध्ये पुरेसं थांबलं गेलं नाही, किंवा थोडं क्यू१ शिखराच्या दुसऱ्या उतारावर लपलेलं आहे. तिसरी शक्यता अगदी खरी असते, कारण वितळीत दोन क्यू२ मिळून एक क्यू१ आणि एक क्यू३ होण्याची प्रक्रिया चालू असते. भाराचा हिशेब न जुळणारी जुळणी कितीही देखणी दिसली तरी स्वीकारू नका.

पायरी ६ : विवर्तन आणि रामन

अंतरं आणि शेजाऱ्यांची संख्या हवी असेल तर विवर्तनाकडे वळा, म्हणजे क्ष-किरण किंवा न्यूट्रॉन नमुन्यातून कसे विखुरतात ते मोजा. मिळालेल्या विकिरणाचं फूरिए रूपांतर केलं की अणूंमधल्या अंतरांचा आलेख मिळतो : पहिलं शिखर १.६ला सिलिकॉन-ऑक्सिजनचं (फॉस्फरस-ऑक्सिजन त्यातच मिसळलेलं), २.६५च्या आसपास ऑक्सिजन-ऑक्सिजनचं. शिखरं किती स्पष्ट दिसतील हे तुम्ही किती मोठ्या कोनापर्यंत आणि किती लहान तरंगलांबीने मोजता यावर ठरतं. नेहमीच्या तांब्याच्या किरणांची मर्यादा ८ प्रति अँग्स्ट्रॉमच्या जराशी वर संपते, मॉलिब्डेनमची १७च्या पुढे जाते, चांदीची २२पर्यंत. म्हणून तांब्याच्या यंत्रावर हे काम होत नाही. न्यूट्रॉनसाठी इंग्लंडमधलं आयसिस किंवा ग्रेनोबलमधलं आयएलएल अशा केंद्रांना प्रस्ताव पाठवावा लागतो. नमुना कोरडाठाक ठेवा, कारण ओलाव्यातल्या हायड्रोजनमुळे न्यूट्रॉनच्या मोजमापाला जड पार्श्वभूमी चिकटते.

खरी अडचण २.३ ते २.५ अँग्स्ट्रॉमला येते. सोडियम-ऑक्सिजन आणि कॅल्शियम-ऑक्सिजन दोन्ही तिथेच, एकमेकांवर चढलेले. यावरचा सुंदर उपाय म्हणजे समस्थानिक बदलणं. नैसर्गिक कॅल्शियमची न्यूट्रॉन विकिरण-लांबी ४.७० फेम्टोमीटर, कॅल्शियम-४४ची १.४२. एकाच कृतीच्या दोन काचा बनवायच्या, एक साध्या कॅल्शियमची आणि एक कॅल्शियम-४४ची. दोन्ही मोजून वजाबाकी केली की ज्या जोड्यांत कॅल्शियम नाही त्या सगळ्या गळून पडतात आणि कॅल्शियमचे शेजारी तेवढे उरतात. समस्थानिक फार महाग असतो, त्यामुळे पहिल्याच प्रकल्पात याच्या मागे लागू नका, पण असे निबंध वाचताना वजाबाकीचा आलेख समजला पाहिजे.

रामन, म्हणजे नमुन्यातून विखुरलेला लेसरचा प्रकाश मोजणारं तंत्र, स्वस्त आणि झटपट आहे. ९५० प्रति सेंटिमीटरच्या आसपास क्यू२, १०५०च्या पुढे क्यू३. फॉस्फेटचं शिखरही ९६०ला क्यू२च्या अंगावर येऊन बसतं, म्हणून टक्केवारी काढायला ते वापरू नये. काचांची मालिका केली असेल तर बदल कोणत्या दिशेने चाललाय हे पाहायला उत्तम.

पायरी ७ : संगणकीय प्रारूप

मॉलिक्युलर डायनॅमिक्समध्ये काही हजार अणूंची वितळ संगणकात थंड करून काच घडवतात. लॅम्प्स आणि डीएल-पॉली ही मोफत सॉफ्टवेअर पुरेशी आहेत. दोन गोष्टी लक्षात असू द्या. संगणकातली काच सेकंदाला एक लाख कोटी अंश किंवा त्याहून जास्त वेगाने थंड होते, प्रत्यक्षातल्या काचेहून अफाट जलद, त्यामुळे तिच्यात क्यूचा पसारा खऱ्यापेक्षा रुंद येतो. आणि निकाल अणूंमधल्या बलांच्या सूत्रांवर अवलंबून असतात. ऑक्सिजनचं ध्रुवीकरण धरणारी सूत्रं क्यूच्या वाटणीसाठी साधारणपणे जास्त विश्वासू ठरली आहेत. प्रारूपातून विवर्तनाचा आलेख काढा आणि मोजलेल्या आलेखावर ठेवून पाहा. तो जुळल्यावरच प्रयोगात न दिसणाऱ्या गोष्टींबद्दल, उदाहरणार्थ फॉस्फेटचे पुंजके होतात का, त्याला प्रश्न विचारा.

दातांसाठी काम करत असाल तर : फ्लोराइडचा हिशेब वेगळा

दंतवैद्यकातल्या नव्या काचांमध्ये फ्लोराइड घालतात, म्हणजे दातावर तयार होणारं खनिज आम्लाला जास्त टिकणारं फ्लोरॲपेटाइट होतं. या काचांमध्ये फ्लोरिन सिलिकॉनला चिकटत नाही. तो कॅल्शियमच्या, आणि काही अंशी सोडियमच्या, सोबत राहतो. म्हणजे कॅल्शियम फ्लोराइडमधलं कॅल्शियम जाळं तोडायला उपलब्धच नसतं. ४५एस५मधलं ५ मोल टक्के कॅल्शियम ऑक्साइड काढून तेवढंच कॅल्शियम फ्लोराइड घातलं, तर पायरी २च्या पद्धतीने कनेक्टिव्हिटी २.११वरून २.३३वर जाते. संशोधकाला फ्लोराइडचा परिणाम मोजायचा असतो आणि प्रत्यक्षात तो घट्ट झालेल्या जाळ्याचा परिणाम मोजत बसतो. कॅल्शियम ऑक्साइड न काढता फ्लोराइड वरून वाढवलं, आणि सिलिका-सोडियम-कॅल्शियम-फॉस्फरसचं आपसातलं प्रमाण कायम ठेवलं, तर तुलना प्रामाणिक होते.

फ्लोरिन-१९चं एनएमआर इथे हाताशी ठेवा. कॅल्शियम फ्लोराइड उणे १०८ पीपीएमला आणि फ्लोरॲपेटाइट उणे १०३च्या आसपास दिसतं. काच द्रावात ठेवल्यावर दाताला उपयोगी खनिज झालं की नुसतं कॅल्शियम फ्लोराइड साचलं, हे या पाच पीपीएमच्या फरकावरून ओळखता येतं. एक्सआरडीत बारीक स्फटिकांची शिखरं रुंद असतात आणि तिथे ही ओळख अवघड जाते.

पायरी ८ : रचनेची वर्तनाशी गाठ घाला

शरीरद्रवासारखं द्रावण, म्हणजे एसबीएफ, हे जपानी संशोधक तादाशी कोकुबो यांच्या नावाने ओळखलं जातं. त्यात कॅल्शियम २.५ आणि फॉस्फेट १ मिलिमोलर असतं, आम्लता (पीएच) ७.४, तापमान ३७ अंश. पुडीसाठी ५० मिलिलिटरमध्ये ७५ मिलिग्रॅम हे प्रमाण धरा. पूड जास्त झाली तर द्रावणाची आम्लता इतकी बदलते की काचा एकमेकींशी ताडता येत नाहीत. कणांचा आकारही सगळ्या काचांसाठी एकाच चाळणीतून गेलेला हवा.

पहिल्या काही तासांचे नमुने दाटीने घ्या, मग दिवसांनी. सोडियम आणि कॅल्शियम बाहेर पडतात, त्यांच्या जागी हायड्रोजन शिरतो, पृष्ठभागावर सिलिकाचा जेल उरतो आणि त्यावर कॅल्शियम फॉस्फेट साचून ॲपेटाइट, म्हणजे हाडासारखं खनिज, बनतं. प्रत्येक नमुन्यातलं द्रावण आयसीपीने (द्रावणातली मूलद्रव्यं मोजणाऱ्या यंत्राने) मोजा आणि पूड ॲसिटोनने धुऊन वाळवा, म्हणजे प्रक्रिया तिथेच थांबते. एफटीआयआरमध्ये (अवरक्त वर्णपटात) ५६० आणि ६०० प्रति सेंटिमीटरची जोडशिखरं आणि एक्सआरडीत २५.९ आणि ३१.८ अंशांची शिखरं दिसली की ॲपेटाइट झालं.

हीच वाळलेली पूड पुन्हा सिलिकॉन-२९च्या एनएमआरला लावा. आता क्यू२ खाली गेलेलं असेल आणि उणे १००च्या आसपास हायड्रॉक्सिल असलेलं क्यू३, उणे ११०ला क्यू४ वर आलेलं असेल. पायरी २मध्ये कागदावर मोजलेल्या तुटलेल्या दुव्यांपैकी किती दुवे पृष्ठभागावर नव्याने जुळले, ते या दोन आलेखांमधल्या फरकावरून काढता येतं.